काकांची फियाट करून घ्यावी का?

मे महिना संपत आला की मला हमखास असे फोन येतात. "आमच्या काकांची फियाट अंगणात उभी आहे. ताडपत्री पार फाटलीय. पाऊस पडायच्या आत काहीतरी करायला हवं. करून घ्यावी का?" विचारणाऱ्याचं मनात ठरलेलं असतं, माझ्याकडून नुसता शिक्का हवा असतो. मी विचारतो, शेवटची कधी चालली? "उभी केली तेव्हा चालूच होती हो." कधी उभी केली? मग फोन बाजूला धरून घरात विचारणा होते. "धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी." म्हणजे 2009.

मी मेकॅनिक नाही. नोकरी सांभाळून दोन पद्मिनी, म्हणजे आपल्या जुन्या फियाटच, रस्त्यावर आणल्या, एक अर्ध्यात विकली आणि डझनभर तरी बघून सोडून दिल्या. शिकलो ते त्या अर्ध्यात विकलेल्या गाडीवर. तिचं इंजिन मी आधी बांधून घेतलं. बोअरिंग, पिस्टन, रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, काही म्हणून ठेवलं नाही. इंजिन शिलाई मशीनसारखं चालायला लागलं. मग पत्र्याकडे वळलो, तर डेंटरने पायाखालची मॅट उचलली आणि माझ्या देखत फ्लोरवर अंगठा दाबला. अंगठा पलीकडे गेला. त्याने काही न बोलता अंगठा पुसला आणि चहा सांगितला.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. गाडी करायची की नाही हे आधी कागद सांगतात, मग पत्रा सांगतो, आणि इंजिनाचा नंबर त्यानंतर लागतो. बहुतेक लोक उलट्या बाजूने सुरुवात करतात, कारण इंजिन सुरू झालं की आवाज होतो, धूर निघतो, घरचे ओट्यावर जमतात. सिलच्या, म्हणजे दरवाज्यांखालच्या पोकळ पट्टीच्या, आतला गंज बघायला कुणी जमत नाही.

आधी गाडी कोणती ते ओळखा

मी पद्मिनीबद्दल लिहितोय, कारण महाराष्ट्रात पडून असलेल्या जुन्या गाड्यांमध्ये हीच सर्वाधिक दिसते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती घडली. पण आपल्याकडे 'फियाट' म्हटलं की त्यात चार वेगवेगळ्या गाड्या येतात, आणि चौघींचं गणित वेगळं आहे.

सगळ्यात जुनी ती गोलमटोल, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. तिला आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणतात. मग 1964 पासूनची 1100 डिलाइट. त्याच गाडीचं नाव पुढे प्रेसिडेंट झालं आणि सत्तरच्या दशकातच पद्मिनी. ही पद्मिनी 2000 सालापर्यंत निघत राहिली. चौथी 118 एनई. तिच्यावर नाव प्रीमियरचंच, पण अंग वेगळं आणि इंजिन निस्सान घराण्याचं. 118 एनई बघायला जात असाल तर कागद, पत्रा आणि हिशोब तसाच लागू पडेल, मात्र पद्मिनीचे भाग तिला बसतील ही आशा सोडा.

डिलाइट आणि पद्मिनीच्या पेट्रोल गाड्यांना तेच 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. शेवटच्या काही गाड्यांत तो खाली फ्लोरवर आला. काही पद्मिनी डिझेलच्याही निघाल्या. तुमची पहिलीच गाडी असेल तर त्या वाटेला जाऊ नका, भाग शोधण्यातच वर्ष जाईल.

डुक्कर फियाट दिसायला सगळ्यात गोड आणि करायला सगळ्यात अवघड. तिच्या ग्रिलसाठी, दिव्यांच्या कड्यांसाठी लोक वर्षानुवर्षं फिरतात. पद्मिनीचं तसं नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने या गाडीचा बाजार कित्येक वर्षं जिवंत ठेवला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. इंजिनाचे आणि ब्रेकचे भाग अजून मिळतात, पण रोज लागणारं गिऱ्हाईक गेलं आहे, हे ध्यानात ठेवूनच घ्या.

घरून निघायच्या आधी: कागद

गाडी बघायला जायचा रविवार ठरवण्याआधी आरसी बुकाचा फोटो मागवा. "कपाटात आहे कुठेतरी" या उत्तरावर पेट्रोल जाळू नका.

फोटोत चार गोष्टी बघायच्या. पहिली, नाव कुणाचं. काका हयात असतील तर फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन काम होतं. काका गेले असतील तर आधी फॉर्म 31 वर गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची आणि मगच विकत घ्यायची. इथे खरी गंमत असते. गाडीकडे पंधरा वर्षं कुणी ढुंकून पाहिलेलं नसतं, पण सहीची वेळ आली की नागपूरच्या आत्याला, अमेरिकेतल्या चुलतभावाला ती गाडी आपल्या लहानपणाचा ठेवा असल्याचं आठवतं. सगळ्या वारसांची संमती लेखी मिळेपर्यंत पैसे देऊ नका, आणि संमती मिळेपर्यंत गाडीवर प्रेमही करू नका.

दुसरी गोष्ट, मुदत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म 25 भरून नूतनीकरण. ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेनंतर वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीला नूतनीकरणाची फी 10,000 रुपये झाली आहे. कोणतीही पद्मिनी आता वीसच्या वरचीच. मुदत उलटून गेलेली असेल तर उशिराचे दर महिन्याला 500 रुपये, शिवाय पर्यावरण कर. सोबत गाडी आरटीओत नेऊन पासिंग करून घ्यावं लागतं, म्हणजे त्या दिवशी तरी तिला ब्रेक, दिवे आणि हॉर्न हवेच. एकूण आकडा किती होईल हे एजंटाच्या तोंडून न ऐकता आरटीओच्या खिडकीवर विचारा आणि तो कागदावर लिहून ठेवा. तो पुढे हिशोबात लागणार आहे.

तिसरी, बोजा. त्या काळात बँकेचं किंवा पतपेढीचं कर्ज काढून गाडी घेतली असेल तर आरसीवर तशी नोंद असते. कर्ज केव्हाच फिटलेलं असतं, पण नोंद उतरवायची राहून गेलेली असते. फॉर्म 35 वर त्या संस्थेचा शिक्का लागतो. संस्थाच बंद पडली असेल तर हे प्रकरण गाडीपेक्षा मोठं होतं.

चौथी, गाडी ऑनलाइन नोंदीत दिसते का. 'एमएच' येण्याआधीच्या तीन अक्षरी नंबराच्या बऱ्याच गाड्यांची माहिती जुन्या रजिस्टरातून संगणकावर आलेलीच नाही. ती चढवून घेण्याला आरटीओत 'बॅकलॉग एंट्री' म्हणतात. होतं ते काम, फक्त गाडी ज्या कार्यालयात नोंदलेली आहे तिथे खेटे घालावे लागतात. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म 28 ची एनओसी आधी.

आरसी हरवली असेल तर फॉर्म 26 वर दुसरी प्रत काढता येते, नोंद जिवंत असेल तर. पण नोंदणी कायमची रद्द झालेली असेल, तर ती गाडी राहिलीच नाही, तो सुट्या भागांचा ढीग आहे. किंमतही ढिगाचीच द्यायची.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आहे. दहा वर्षं चालते, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. डिलाइट आणि सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयाच्या झाल्या आहेत. मोह होतो, पण दोन अटी नीट वाचा: गाडी मूळ रूपात हवी, इंजिन किंवा अंग बदललेलं चालत नाही, आणि ती रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली-प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढीच. रविवारी सकाळी सहज मिसळ खायला जायचं असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

सोबत काय न्यायचं

टॉर्च, लोहचुंबक आणि त्याला गुंडाळायला पातळ फडकं, जाड स्क्रूड्रायव्हर, जॅक, प्लगपाना, जुने कपडे आणि लोळायला एक पोतं. चार्ज केलेली बॅटरी आणि कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, मिळालं तर उत्तम. आणि एक असा मित्र, ज्याला जुन्या गाड्यांचं काडीचं वेड नाही. हा मित्र फार कामाचा. तुम्ही स्टिअरिंगवर हात ठेवून शाळेच्या दिवसांत गेलेले असता, तेव्हा तो विचारतो, "अरे, हा दरवाजा असा लोंबतोय का?"

पैसे मात्र घरी ठेवा. बयाण्याचेसुद्धा.

पत्रा

इथे घाई करायची नाही. दोन तास गेले तरी चालतील.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. फ्लोर, दरवाज्यांखालचे सिल, खांब आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. म्हणून मडगार्ड कुजलं तर दिसायला वाईट, एवढंच. सिल कुजला तर गाडीचा कणाच गेला. मडगार्ड बोल्टने बसवलेलं असतं, बदलता येतं. सिल कापून नवा घडवायचा तर गाडी वाकणार नाही अशी आधाराला टेकवून काम करणारा माणूस लागतो, आणि असा डेंटर आता प्रत्येक गावात राहिलेला नाही.

गाडी कुठे उभी होती ते आधी बघा. सोलापूर, लातूर, जालना अशा कोरड्या भागातली पंधरा वर्षं उघड्यावर असलेली गाडी मी रत्नागिरीच्या पाच वर्षं पडवीतल्या गाडीपेक्षा बऱ्या स्थितीत पाहिली आहे. कोकणात आणि गोव्यात हवाच खारी. त्यातही मातीवर उभी असलेली गाडी खालून कुजते, फरशीवरची त्या मानाने टिकते. ताडपत्री घालून 'जपलेली' गाडी दिसली की मला जास्त धास्ती वाटते. प्लास्टिकच्या आत ओल कोंडते आणि गाडी स्वतःच्याच घामात शिजते. नुसत्या पत्र्याच्या शेडमध्ये, चारी बाजूंनी वारा खेळत असलेली गाडी सगळ्यात नशीबवान.

आता गाडीभोवती फिरा. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून हळूहळू सरकवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली पत्रा नाही, पुट्टी आहे, म्हणजे पेंटर लोक जिला लांबी म्हणतात ती. बोटाच्या पेराने टकटक करा: पत्रा टणटण वाजतो, पुट्टी मातीच्या भिंतीसारखी ठक्क वाजते. चाकाच्या कमानी, हेडलाइटभोवतीचा भाग, पुढच्या चाकामागचा मडगार्डचा खालचा कोपरा, दरवाज्यांची खालची कड आणि डिकीच्या झाकणाची कड, या जागा सोडू नका. थोडी पुट्टी सगळ्याच जुन्या गाड्यांत निघते. हातभर रुंद पट्ट्यात चुंबक कुठेच धरत नसेल तर तिथे कुणीतरी भोक झाकून ठेवलं आहे असं समजा.

मग दरवाजा उघडा आणि कडेचं रबर बीडिंग थोडं उचला. ही माझी आवडती जागा, कारण इथला मूळ रंग कुणी खरवडत नाही. वरून पांढरी दिसणारी, 'एकाच डॉक्टरांनी वापरलेली' म्हणून दाखवलेली एक गाडी मी अशीच बघत होतो. दाराच्या चौकटीतलं बीडिंग उचललं तर खाली काळा, आणि छताच्या कडेला पिवळा. म्हणजे डॉक्टरांकडे यायच्या आधी ती मुंबईत टॅक्सी होती. टॅक्सी असणं हा गुन्हा नाही, पण तिने किती लाख किलोमीटर आणि किती पावसाळे काढले याचा हिशोब मीटरवर मिळत नाही. शिवाय टॅक्सीची खासगी झाल्याचा कागद आहे का, हा प्रश्न वेगळाच उभा राहतो.

आत बसा. चारही पायांखालच्या मॅट उचला, मागच्या सीटची बैठक काढा. मॅटखालच्या ज्यूटला हात लावा. ओलसर लागला किंवा भुगा झाला, तर खालचा फ्लोर स्क्रूड्रायव्हरने तपासायचा. मालकाला विचारून, अर्थात. स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर न लावता टेकवायचं आणि दाबायचं. चांगला पत्रा टोक परतवतो. गेलेला पत्रा आधी कुरकुर करतो, मग पापडासारखा फुटतो आणि टोकाखालून लालसर पापुद्रे खाली जमिनीवर पडतात. गाडीखाली उजेड असेल तर भोकातून तो दिसतो. फ्लोरचा एखादा हातभर तुकडा बदलणं हे नेहमीचं काम आहे, त्याला घाबरू नका. भीती बाळगायची ती फ्लोर जिथे सिलला मिळतो त्या शिवणीची.

डिकीत स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा. मग गाडीखाली आडवं व्हा आणि मागचे पाटे जिथे अंगाला अडकवलेत त्या जागा टॉर्चने बघा. तिथे वेल्डिंगवर वेल्डिंग, ठिगळावर ठिगळ आणि वरून डांबर फासलेलं दिसलं तर ते डांबर कशासाठी फासलंय हे ओळखायला फार अक्कल लागत नाही.

शेवटची परीक्षा सगळ्यात सोपी आणि सगळ्यात खरी. चारही दरवाजे बंद करून त्यांच्या भोवतीच्या फटी बघून ठेवा, बोट फिरवून. आता बाजूला जॅक लावून एक बाजू उचला, चाक जमिनीपासून सुटेल इतकीच. पुन्हा फटी बघा, दरवाजा उघडून लावून बघा. लागला तर सांगाडा शाबूत. फट वर निमुळती झाली, दरवाजा अडकला किंवा लॉक जुळेना, तर गाडी मधून वाकतेय. आणि जॅकच पत्र्यात घुसला, गाडी वर आलीच नाही, तर मुकाट्याने जॅक काढा, चहा घ्या आणि निघा.

इंजिन, आता

पहिला नियम: मालकाने कितीही उत्साहाने बॅटरी आणली तरी चावी फिरवू देऊ नका. पंधरा वर्षं कोरड्या पडलेल्या सिलिंडरमध्ये रिंगा गंजून चिकटलेल्या असतात. सेल्फ मारला तर रिंग तुटते आणि बोअरवर ओरखडा जातो. आज जे इंजिन हाताने सुटलं असतं ते उद्या लेथवर जातं.

बॉनेट उघडून आधी इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून बघा. एक आकडा जरी चुकत असेल तरी थांबा. इंजिन बदललेलं असून नोंद नसेल तर पासिंगच्या वेळी तेच आडवं येतं.

ऑइलची दांडी ओढा. ऑइल काळं असणारच, त्याचं काही नाही. दुधाळ चहासारखं असेल तर पाणी ऑइलमध्ये उतरलंय. रेडिएटरचं झाकण काढा. आपल्याकडे कूलंटऐवजी नळाचं पाणी घालायची सवय, आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. वर्षानुवर्षं साचलेलं पाणी हेडचे पाण्याचे मार्ग खाऊन टाकतं. हेड उतरवल्यावर गॅस्केटच्या भोकांभोवती उंदराने कुरतडल्यासारख्या कडा दिसतात. हे बाहेरून कळत नाही, म्हणून हिशोबात हेडचं काम धरूनच चाला.

उंदरांवरून आठवलं, एअर फिल्टरचं झाकण उघडून बघा. एका गाडीत मला तिथे कुंभारमाशीची पाच-सहा मडकी आणि उंदराचं, लग्नपत्रिकांच्या तुकड्यांचं घरटं मिळालं होतं. एका तुकड्यावर 'शुभविवाह' एवढंच शिल्लक होतं. उंदीर आला म्हणजे वायरिंग गेलं असं समजायचं. पद्मिनीचं वायरिंग साधं आहे, नवं बसवता येतं, पण तो खर्च लिहून ठेवा.

आता चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून चमचा-दोन चमचे डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडा आणि थोडं थांबा. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवून बघा. फिरलं तर आनंद आहे. नाही फिरलं तर जोर करू नका, मालकाला सांगून मिश्रण आठवडाभर तसंच मुरू द्या आणि पुढच्या रविवारी या. चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हलकेच मागेपुढे डुलवली तरी कधी कधी सुटतं. ट्रॅक्टरला दोरी बांधून ओढण्याचा सल्ला गावात हमखास मिळतो. तो ऐकायचा नाही.

इंजिन मोकळं फिरत असेल आणि सोबत गेज असेल तर कॉम्प्रेशन घ्या. नेमका आकडा किती यापेक्षा चार सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते महत्त्वाचं. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यात 10-15 टक्क्यांपेक्षा जास्त अंतर असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा-बोअर गेलेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

पण एक सांगतो, इंजिन पूर्ण जाम निघालं तरी केवळ तेवढ्यासाठी मी गाडी सोडलेली नाही. भाव कमी करून घेतो. या इंजिनावर हात बसलेले मिस्त्री अजून आहेत, लेथवाल्यांना माप पाठ आहे.

बाकीचं

ब्रेक चालतात का हे बघायच्या भानगडीत पडू नका. मास्टर सिलिंडर, चाकातले सिलिंडर, होस, सगळं नवं धरा. पेट्रोलची टाकी आतून गंजलेली धरा. पेट्रोलचे जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला टिकत नाहीत, तेही नवे. टायर कितीही नक्षीदार दिसले तरी पंधरा वर्षांचे टायर फेकायचेच. पुढचं चाक उचलून वरून-खालून धरून हलवा. खडखड वाजलं तर किंगपिनचं, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचं, काम आहे. ग्रीस न मारलेल्या प्रत्येक पद्मिनीचं हे होतं.

बारकाईने मोजायच्या त्या न मिळणाऱ्या गोष्टी. पुढची काच, ग्रिल, बंपर, मागच्या दिव्यांच्या काचा, दरवाज्यांचे हँडल, कडेच्या चकचकीत पट्ट्या, मीटरचा डायल. आहेत का, शाबूत आहेत का, एकेक लिहून काढा. पिस्टन दुकानात मिळतो. मॉडेलप्रमाणे बदललेली ग्रिल मात्र पुण्याच्या जुन्या बाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे चपला झिजवल्यावर मिळाली तर मिळते. जास्त गंजलेली पण सगळे दागिने अंगावर असलेली गाडी, आणि बरा पत्रा असलेली पण उघडीबोडकी गाडी, यांत निवड करायची वेळ आली तर पद्मिनीच्या बाबतीत मी बरा पत्रा घेईन. डुक्कर फियाटच्या बाबतीत थांबून विचार करीन.

हिशोब

त्याच दिवशी, घरी पोचायच्या आत करायचा. वाटेत कुठेतरी थांबून वहीत लिहा: गाडीची किंमत, वाहतूक, कागद, पत्रा, रंग, इंजिन, ब्रेक-सस्पेन्शन, वायरिंग, टायर-बॅटरी, सीट-छत, काचा-क्रोम. प्रत्येकासमोर आकडा, ऐकीव नको, तिथल्याच डेंटर-मिस्त्रीला विचारलेला.

उदाहरण म्हणून, निव्वळ समजुतीसाठी धरलेले आकडे: गाडी 60 हजार, आणणं आणि कागद 40 हजार, पत्रा आणि रंग पावणेदोन लाख, इंजिन 60 हजार, उरलेलं सगळं सव्वा लाख. बेरीज 4 लाख 60 हजार. आता याची दीडपट करा, कारण पत्रा घासल्याशिवाय खालचं दिसत नाही आणि डेंटरचा पहिला अंदाज खालचा गंज न बघताच केलेला असतो. झाले जवळजवळ 7 लाख. आता तशीच झालेली, चालती, कागद चोख असलेली पद्मिनी बाजारात कितीला आहे ते विचारा. बहुतेक वेळा ती तुमच्या बेरजेपेक्षा स्वस्त निघते. कारण विकणाऱ्यानेही आपले पैसे परत येणार नाहीत हे केव्हाच मान्य केलेलं असतं.

हा फरक म्हणजे तुमच्या हौसेची किंमत. तो देण्यासारखा असेल, तर गाडी करा. माझ्या दुसऱ्या गाडीत तो चांगलाच मोठा होता आणि मी तो डोळे उघडे ठेवून दिला, कारण ती घरचीच गाडी होती. बाहेरून विकत घ्यायची असती तर तयार गाडी घेतली असती.

पैशाइतकाच वेळ लिहा. गॅरेजवाले "तीन महिने" म्हणतात. गाडी कोपऱ्यात जाते, पुढे रोजच्या गाड्यांचं काम चालू राहतं, आणि तुमच्या छतावर कुणाचा तरी बंपर ठेवलेला दिसतो. मी दीड वर्ष धरतो. तेवढा काळ गाडी ठेवायला स्वतःची कोरडी जागा नसेल, तर कितीही चांगली गाडी मिळाली तरी घेऊ नये असं माझं मत आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये अर्धी उघडलेली पद्मिनी ठेवून मी दोन सेक्रेटऱ्यांशी भांडलो आहे.

सोडायची कधी

जॅकच्या परीक्षेत नापास झाली, नोंदणी कायमची रद्द आहे, नंबर जुळत नाहीत, वारस एकमत नाहीत. यातलं एक जरी असलं तरी मी परत फिरतो. बाकी सगळ्याला पैसा आणि वेळ हे औषध आहे. पत्रा वाईट पण गाडी वडिलांची, अशी वेळ आली तर मी कुणाला सल्ला देत नाही. आकडे वहीत मांडून देतो आणि गप्प बसतो.

सोडलेली गाडीही पूर्ण वाया जात नाही. साताऱ्याजवळ एका वाड्यात चिंचेखाली उभी असलेली पद्मिनी मी बघितली होती. जॅक सिलमध्ये घुसला. मालकीणबाई, सत्तरीच्या, दारात उभ्या राहून बघत होत्या. मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग जे कामाचं आहे ते घेऊन जा, भंगारवाला तर सगळंच किलोवर नेईल." पुढची काच, ग्रिल, मागचे दोन्ही दिवे आणि चारही हँडल मी रीतसर किंमत देऊन आणले. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज त्यांच्या मुलाला भरून दिला. ती काच आज माझ्या गाडीला आहे.

आणि घ्यायचं ठरलंच, तर बयाण्याच्या पावतीवर इंजिन नंबर, चेसिस नंबर, कोणकोणते कागद मिळणार आणि 'नावावर होईपर्यंत उरलेली रक्कम देय नाही' एवढं लिहून घ्या. गाडी चाकांवर ओढत आणू नका, सपाट ट्रकवर चढवून आणा. ट्रक यायच्या आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, काचा वर करा, आणि सीटखाली एकदा काठी फिरवा. आमच्याकडे आलेल्या गाडीतून धामण उतरली होती.